कंपनी एनसीएलटीत गेली म्हणतात, मग कागद कुठे बघायचे?

‘कंपनी एनसीएलटीत गेली’, म्हणजे तिचं दिवाळखोरीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेलं, ही बातमी बहुतेकांना पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर कळते. घर बुक केलेल्यांच्या ग्रुपवर, कामगारांच्या ग्रुपवर, माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर. मग लगेच एकमेकांना छेद देणारे सल्ले सुरू होतात: पैसे बुडाले समजा, घाबरू नका, वकील लावा, अमुक रक्कम गोळा करा. खरी परिस्थिती सांगणारे कागद मात्र सगळ्यांना खुले असतात, बहुतेक फुकट मिळतात आणि घरबसल्या दिसतात. घर घेणारा म्हणून मी स्वतः या प्रक्रियेतून गेलो आहे, आणि पुढे नात्यातल्या एका कामगाराचा दावा भरायलाही मदत केली. त्या वेळी जे शोधावं लागलं ते इथे क्रमाने लिहितो. मी वकील नाही. मोठी रक्कम अडकली असेल तर वकिलाकडे जाच, पण जाताना हे कागद घेऊन जा.

एवढा खटाटोप का करायचा, हे आधी सांगतो. या प्रक्रियेत दावा, म्हणजे कंपनीकडून आपलं किती येणं आहे याची मागणी, भरायला मुदत असते आणि ती पाळणं पूर्णपणे आपल्यावर असतं. घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की एकदा कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली की त्या योजनेत नसलेले जुने दावे संपतात. तुमचे पैसे खरोखर देणं होतं, पावत्या होत्या, करारनामा नोंदणीकृत होता, हे सगळं त्यानंतर निरुपयोगी ठरू शकतं. म्हणून तारखा आपण स्वतः वाचायच्या.

हाताशी काय ठेवाल

- घर घेतलं असेल तर करारनामा, इंडेक्स टू, पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा, कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र
- नोकरी असेल तर नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक
- माल किंवा सेवा दिली असेल तर परचेस ऑर्डर, जीएसटी बिलं, माल पोचल्याची चलनं, खातेउतारा
- महारेरा किंवा ग्राहक आयोगाचा आदेश मिळालेला असेल तर त्याची प्रत
- एक वही किंवा एक्सेल शीट, ज्यात फक्त तारखा आणि प्रकरण क्रमांक लिहायचे

शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण एका कंपनीच्या नावावर बघता बघता दहा-पंधरा क्रमांक जमा होतात. ते डोक्यात राहत नाहीत.

१. प्रकरण कुठल्या दारात असेल ते ठरवा

सगळी दिवाळखोरी एनसीएलटीत चालत नाही. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे एनसीएलटीपुढे, कंपन्या आणि एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था, येतात. कायदा म्हणजे नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६. कंपन्यांसाठीची तिची तरतूद १ डिसेंबर २०१६ पासून लागू झाली. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे संचालक-प्रवर्तकही तिच्या कक्षेत आले.

तुमचा देणेकरी एकट्याच्या मालकीची पेढी किंवा साधी भागीदारी संस्था असेल तर एनसीएलटीच्या संकेतस्थळावर कितीही शोधलं तरी काही सापडणार नाही. त्यांच्यासाठी अजून ब्रिटिशकालीन कायदेच चालतात. मुंबई शहरात १९०९ चा कायदा, त्यामुळे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि मालमत्ता ‘ऑफिशियल असायनी’च्या ताब्यात. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरसारख्या ठिकाणी १९२० चा कायदा, आणि प्रकरण जिल्हा न्यायालयात. जिल्हा न्यायालयातलं प्रकरण ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने किंवा सोळा अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकाने शोधता येतं.

सहकारी बँक आणि पतसंस्था इथे येत नाहीत. त्यांची वाट सहकार खातं आणि बँक असेल तर रिझर्व्ह बँक. मोठ्या फायनान्स कंपन्यांविरुद्ध एनसीएलटीत जाण्याचा मार्ग नियामकामार्फतच आहे. घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएल कंपनीचं प्रकरण रिझर्व्ह बँकेने नेलं आणि मुंबई खंडपीठाने ते डिसेंबर २०१९ मध्ये दाखल करून घेतलं. महाराष्ट्रातल्या अनेक ठेवीदारांनी एनसीएलटी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असेल. २०१६ च्या आधीच बंद पडलेल्या जुन्या कंपनीचे कागद मात्र बहुधा मुंबई उच्च न्यायालयाच्या कंपनी पिटिशनमध्ये आणि ‘ऑफिशियल लिक्विडेटर’च्या कार्यालयात असतील.

इथे एक सापळा आहे. वर्तमानपत्रात बँकेची ‘ताबा नोटीस’ दिसली की लोक म्हणतात, कंपनी दिवाळखोरीत गेली. तसं नसतं. ती सरफेसी कायद्याखालची, म्हणजे कर्ज थकल्यावर तारण ताब्यात घेऊन बँकेने केलेली वसुली असते. तिच्यावरची तक्रार कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे डीआरटी आहेत. एनसीएलटीतली प्रक्रिया त्याहून वेगळी असते आणि तिची जाहीर घोषणाही वेगळी असते. तिच्याकडे तिसऱ्या पायरीत येऊ.

२. कंपनीचं खरं नाव आणि सीआयएन काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. फलकावर असलेलं नाव ब्रँडचं असतं. करार केलेली कंपनी दुसरीच असते. मोठे बिल्डर प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढतात. मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली म्हणजे तुमच्या इमारतीची कंपनी गेली असं नाही, आणि उलटंही खरं.

घरासाठी करारनाम्याच्या पहिल्या पानावरचं ‘प्रमोटर’चं नाव घ्या आणि ते महारेराच्या प्रकल्प-पानावरच्या नावाशी जुळवा. महारेराने २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकलेल्या प्रकल्पांची यादीही जाहीर केली होती. ती पाहून ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. नोकरीसाठी फॉर्म १६ वरचं आणि पीएफ पासबुकावरचं आस्थापनेचं नाव बघा. व्यापाऱ्यांनी जीएसटीच्या पोर्टलवर समोरच्याचा जीएसटी क्रमांक टाकावा; तिथे ‘लीगल नेम’ आणि ‘ट्रेड नेम’ वेगळे दिसतात. आपल्याला हवं ते लीगल नेम.

हे नाव घेऊन कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर जा आणि ‘कंपनी मास्टर डेटा’ उघडा. लॉगिन करावं लागतं, पैसे लागत नाहीत. तिथून चार गोष्टी उतरवून घ्या: सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), नोंदणीकृत पत्ता, कंपनीची स्थिती, आणि चार्जेसची यादी, म्हणजे कुठल्या बँकेकडे काय तारण आहे.

सीआयएन हा एकवीस अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्यातली सातवी आणि आठवी अक्षरं राज्य सांगतात (महाराष्ट्रासाठी एमएच, गोव्यासाठी जीए), आणि पुढचे चार अंक स्थापनेचं वर्ष. हे महत्त्वाचं का, तर प्रकरण कुठल्या खंडपीठापुढे चालेल हे नोंदणीकृत कार्यालयावरून ठरतं. कारखाना चाकणला आणि नोंदणी दिल्लीला असेल तर कागद दिल्लीत शोधायचे. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांतल्या कंपन्यांसाठी मुंबई खंडपीठ आहे. नागपूरची कंपनी असो की पणजीची, प्रकरण मुंबईलाच येतं.

‘स्थिती’च्या रकान्यात ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आदेश झाल्यानंतर तिथली नोंद बदलायला वेळ जातो. ‘अंडर सीआयआरपी’ म्हणजे कंपनी वाचवण्याची प्रक्रिया सुरू आहे. ‘अंडर लिक्विडेशन’ म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याची. ‘स्ट्राइक ऑफ’ म्हणजे निबंधकाने नाव नोंदवहीतून काढलं. हा दिवाळखोरीचा भाग नाही.

३. आयबीबीआयच्या संकेतस्थळावर जाहीर घोषणा शोधा

भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ म्हणजे आयबीबीआय. तिथे ‘पब्लिक अनाउन्समेंट’ या विभागात कंपनीच्या नावाने शोधा. जे सापडायला हवं त्याचं नाव ‘फॉर्म ए’. एनसीएलटीने अर्ज मंजूर केल्यावर कंपनीचा कारभार सांभाळायला नेमलेल्या अंतरिम दिवाळखोरी व्यावसायिकाने, म्हणजे आयआरपीने, तीन दिवसांत हा फॉर्म ए प्रसिद्ध करायचा असतो. तो आयबीबीआयवर, कंपनीचं संकेतस्थळ असेल तर तिथे, आणि एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात येतो. आपल्याकडे तो बहुधा मराठी दैनिकाच्या जाहीर नोटिशींच्या पानावर सापडतो.

फॉर्म ए एका पानाचाच असतो, पण त्यातली प्रत्येक ओळ कामाची. कंपनीचं नाव आणि सीआयएन आपल्याकडच्याशी जुळवा. त्यानंतर ‘इन्सॉल्व्हन्सी कमेन्समेंट डेट’, म्हणजे प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख. तुमची रक्कम याच तारखेपर्यंत मोजली जाते. आयआरपीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता आणि ईमेल त्याखाली असतो. आणि दावे देण्याची शेवटची तारीख; ती आयआरपीच्या नेमणुकीपासून चौदा दिवसांची असते.

घर घेणाऱ्यांसारखा मोठा वर्ग असेल तर तीन व्यावसायिकांची नावंही छापतात. त्यांतला एक तुमच्या वर्गाचा प्रतिनिधी होणार असतो, आणि दाव्याच्या फॉर्ममध्ये तुमची पसंती विचारतात. बरेच जण हा रकाना रिकामा सोडतात. सोडू नका. पुढे कर्जदात्यांच्या समितीत तुमच्या वतीने मत टाकणारा माणूस तोच असतो.

फॉर्म ए मधला आयआरपी खरोखर नोंदणीकृत आहे का, हे आयबीबीआयच्याच नोंदवहीत नाव किंवा क्रमांक टाकून तपासता येतं. दावा भरायला फी नाही. ‘क्लेम प्रोसेसिंग’च्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर तो आयआरपीच्या वतीने बोलत नाही असंच समजा, आणि फॉर्म ए मधल्या ईमेलवर थेट लिहून विचारा.

फॉर्म ए सापडलाच नाही तर? एक शक्यता अशी, की अर्ज फक्त दाखल झाला आहे, अजून मंजूर झालेला नाही. हा फरक नीट लक्षात घ्या. कंपनीकडून येणं असलेले अर्ज करू शकतात (थकबाकी किमान एक कोटी हवी, ही मर्यादा मार्च २०२० पासून आहे, त्याआधी ती एक लाख होती). अर्ज पडून राहतात, तडजोडीने मागे घेतले जातात, फेटाळले जातात. एनसीएलटीने अर्ज ‘अ‍ॅडमिट’ केला तरच प्रक्रिया सुरू होते. तोपर्यंत दावा भरण्याचा प्रश्नच येत नाही.

४. एनसीएलटीच्या संकेतस्थळावर प्रकरण उघडा

एनसीएलटीच्या संकेतस्थळावर ‘केस स्टेटस’मध्ये फाइलिंग क्रमांक, केस क्रमांक, पक्षकाराचं नाव किंवा वकिलाचं नाव, यांपैकी कशानेही शोधता येतं. आपल्याकडे सुरुवातीला नावच असतं. खंडपीठ मुंबई निवडा आणि पुढच्या गोष्टी सांभाळा.

पक्षकाराचा प्रकार विचारतात. बँकेने, घर घेणाऱ्यांनी (कलम ७) किंवा पुरवठादाराने (कलम ९) अर्ज केला असेल तर तुमची कंपनी ‘रिस्पॉन्डंट’ असते. कंपनीने स्वतःहून अर्ज केला असेल (कलम १०) तर ती ‘पिटिशनर’ असते. दोन्ही बाजूंनी शोधा.

वर्ष हे अर्ज दाखल झाल्याचं टाकायचं, मंजुरीचं नाही. या दोहोंत बराच काळ जाऊ शकतो, म्हणून दोन-तीन वर्षं मागे जाऊन बघा.

पूर्ण नाव टाकू नका. ‘प्रायव्हेट लिमिटेड’ कुणी पूर्ण लिहितं, कुणी संक्षेपाने. कुठे टिंब असतं, कुठे नसतं. नावातला एकच वेगळा शब्द टाका. काहीच आलं नाही तर स्पेलिंग बदलून पाहा. कंपनीने नाव बदललं असेल तर जुन्या नावानेही शोधा.

मुख्य अर्जाचा क्रमांक ‘सीपी (आयबी)’ने सुरू होतो, मध्ये ‘एमबी’ म्हणजे मुंबई बेंच, शेवटी वर्ष. त्याच्या पोटात येणाऱ्या प्रत्येक छोट्या अर्जाला ‘आयए’ क्रमांक मिळतो. इथे हमखास गोंधळ होतो: मुख्य अर्ज मंजूर झाला की काही वेळा तो ‘डिस्पोज्ड’ दिसतो. लोकांना वाटतं, केस संपली. प्रत्यक्षात अर्ज निकाली निघाला आणि प्रक्रिया नुकती सुरू झाली, असा त्याचा अर्थ असतो. यानंतरची सगळी हालचाल आयएच्या क्रमांकांखाली होते. मुदतवाढ, फेटाळलेल्या दाव्यांची भांडणं, संचालकांच्या गैरव्यवहारांवरचे अर्ज, योजनेची मंजुरी, सगळं आयएमध्ये. वहीत प्रत्येक आयए क्रमांकापुढे तो कशाबद्दल आहे हे चार शब्दांत लिहा.

पुढची तारीख कळल्यावर आदल्या संध्याकाळी ‘कॉज लिस्ट’, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघा. मुंबईत एकाहून अधिक कोर्टं आहेत, आणि तुमचं प्रकरण कितव्या कोर्टात आहे हे त्यावरून कळतं. कामकाज कफ परेडच्या एमटीएनएल इमारतीत चालतं. प्रत्यक्ष जाणार असाल तर यादीवरचा पत्ता आणि वेळ पाहूनच निघा.

५. आदेश वाचायचा कसा

आदेश इंग्रजीत असतो, लांब असतो, आणि पहिली दहा पानं दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात जातात. शेवटून वाचायला सुरुवात करा. ‘ऑर्डर’ या शब्दाखालचे क्रमांकित परिच्छेद म्हणजे प्रत्यक्ष हुकूम. तिथे अर्ज मंजूर की नामंजूर, कुठल्या कलमाखाली, आयआरपी कोण आणि मोरॅटोरियम लागला का, एवढं मिळतं. मग पहिल्या पानावर जा: अर्जदार कोण, आदेशाची तारीख कोणती. हे सहा तपशील वहीत उतरले की आदेश समजला असं माना. बाकीचा भाग वकिलाला लागेल.

मोरॅटोरियम म्हणजे कलम १४ ची स्थगिती. त्या तारखेपासून कंपनीविरुद्धचे कोर्टातले खटले, वसुली, जप्ती थांबतात. महारेराचं वसुली प्रमाणपत्र हातात असेल तरी त्यावरची वसुली कंपनीपुरती थांबते. आता ती रक्कम दाव्यात मागायची. ज्या घर घेणाऱ्यांनी महारेराचा आदेश मिळवला त्यांचा ‘घर घेणारा’ हा दर्जा जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने विशाल चेलानी प्रकरणात २०२३ मध्ये सांगितलं आहे. हे छापून जवळ ठेवा. ‘तुम्ही आता वेगळ्या वर्गात’ असं उत्तर आलं तर उपयोगी पडतं.

रोजच्या आदेशांत तेच तेच शब्द येतात. ‘इश्यू नोटीस’ म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला बोलावलं. ‘स्टँड ओव्हर’ किंवा ‘अ‍ॅडजर्न्ड’ म्हणजे तारीख पुढे गेली. ‘रिझर्व्ह्ड फॉर ऑर्डर’ म्हणजे युक्तिवाद संपले, निकाल राखून ठेवला. यानंतर रोज लक्ष ठेवायला लागा. ‘डिसमिस्ड अ‍ॅज विथड्रॉन’ म्हणजे अर्जदाराने मागे घेतला, बहुधा तडजोड झाली. प्रक्रिया सुरू होऊन समिती बनल्यानंतर ती मागे घ्यायची असेल तर कलम १२ए खाली समितीतली नव्वद टक्के मतं लागतात.

आता या पायरीतला सगळ्यात मोठा धोका. हातात आलेला आदेश शेवटचा आहे असं कधीच धरू नका. जेट एअरवेजचं बघा. मुंबई खंडपीठाने जून २०१९ मध्ये प्रकरण दाखल करून घेतलं, जून २०२१ मध्ये योजना मंजूर केली. त्या आदेशाची प्रत वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला वाटलं असतं की विमानं पुन्हा उडणार. पुढे अपिलं झाली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी लिक्विडेशनमध्ये काढायचा आदेश दिला. म्हणून एनसीएलटीनंतर अपिलीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलएटीच्या, संकेतस्थळावर त्याच नावाने शोधा; तिथला क्रमांक ‘कंपनी अपील (एटी) (इन्सॉल्व्हन्सी)’ असा असतो. मग सर्वोच्च न्यायालय. आयबीबीआयच्या ‘ऑर्डर्स’ विभागातही तिन्ही पातळ्यांचे आदेश असतात आणि तिथे शोधणं मला सोपं वाटतं.

घर घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: प्रक्रिया अख्ख्या कंपनीवर आहे की एकाच प्रकल्पापुरती. सुपरटेक या बिल्डरच्या प्रकरणात एनसीएलएटीने २०२२ मध्ये ती एका प्रकल्पापुरती ठेवली होती. तुमचा प्रकल्प त्यात नसेल तर तुमचा मार्गच बदलतो.

६. योग्य फॉर्म निवडा, मुदत चुकली तरी दावा द्या

कंपनीला माल-सेवा देणाऱ्यांसाठी फॉर्म बी. बँका आणि कर्ज देणाऱ्यांसाठी सी. घर घेणाऱ्यांसाठी सीए. कामगार-कर्मचाऱ्यांसाठी डी, आणि सगळ्यांच्या वतीने एकाने भरायचा असेल तर ई. यांत न बसणाऱ्यांसाठी एफ. सगळे आयबीबीआयवर मिळतात. लिक्विडेशनमध्ये मात्र हीच अक्षरं बदलतात: तिथे सी माल-सेवा देणाऱ्यांचा, डी कर्ज देणाऱ्यांचा, ई कामगारांचा. जुन्या प्रकरणातला नमुना ग्रुपवर फिरत असतो, तो तसाच उचलू नका.

चौदा दिवस गेले तरी हात टेकू नका. सध्याच्या नियमांनुसार प्रक्रिया सुरू झाल्यापासून नव्वद दिवस, किंवा योजना मागवण्याची कागदपत्रं निघेपर्यंत, यांतली जी तारीख नंतरची तोपर्यंत उशिराचं कारण देऊन दावा देता येतो. त्यानंतर दिलेला दावाही समितीपुढे आणि एनसीएलटीपुढे जाऊ शकतो, पण खात्री राहत नाही. या नियमांत वारंवार दुरुस्त्या होतात, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ संहितेतल्या बदलांचं विधेयकही लोकसभेत आलं. म्हणून मुदत मोजताना आयबीबीआयवरची ताजी प्रतच उघडा.

घर घेणाऱ्यांनी फक्त मुद्दल लिहून थांबू नये. करारात व्याजाचा वेगळा दर नसेल तर वर्षाला आठ टक्के व्याज धरून समितीतला मताचा हिस्सा मोजतात. दावा ईमेलने पाठवला तर पोच मागा, आणि आलेली पोच त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

७. दावेदारांच्या यादीत स्वतःला शोधा

दावे तपासून झाले की आयआरपी दावेदारांची यादी बनवतो. ती आयबीबीआयच्या ‘क्लेम्स’ विभागात आणि कंपनीच्या संकेतस्थळावर दिसते, आणि वेळोवेळी सुधारली जाते. आपलं नाव सापडल्याचा आनंद होतो, पण बघायचा आकडा पुढच्या रकान्यात आहे. ‘क्लेम्ड’ म्हणजे तुम्ही मागितले. ‘अ‍ॅडमिटेड’ म्हणजे मान्य झाले. या दोहोंत फरक असेल तर बाकीचे पैसे ‘अंडर व्हेरिफिकेशन’मध्ये आहेत की ‘रिजेक्टेड’मध्ये, ते पाहा. तपासणीखाली असतील तर कागद कमी पडलेत. लगेच ईमेल करून काय हवं ते विचारा. नाकारले असतील तर लेखी कारण मागा. त्यावर एनसीएलटीत आयए करता येतो, आणि इथे वकील हवाच. लिक्विडेशनमध्ये दावा नाकारला तर निर्णय मिळाल्यापासून चौदा दिवसांतच अपील करावं लागतं.

याच यादीत दुसरीही माहिती आहे. बँकांचं किती देणं, सरकारी कर किती, ‘रिलेटेड पार्टी’च्या रकान्यात मालकांच्याच इतर कंपन्यांनी किती मागितलं. आपल्या वाट्याला काय येईल याचा अंदाज ग्रुपवरच्या चर्चेपेक्षा या आकड्यांवरून चांगला लागतो. आमच्या ग्रुपवरचं वातावरण ही यादी सगळ्यांनी वाचल्यावर निवळलं. रक्कम कुणाच्याच मनासारखी नव्हती, पण अफवा थांबल्या.

८. योजना मंजूर झाली किंवा लिक्विडेशन आलं तर

योजना मंजूर करणारा आदेश कलम ३१ खाली येतो. त्याआधी समितीची छासष्ट टक्के मतं लागतात. आदेशात बहुधा एक तक्ता असतो: वर्ग, मागितलेली रक्कम, मान्य रक्कम, देऊ केलेली रक्कम. आधी तो शोधा. घर घेणाऱ्यांनी ताब्याची मुदत, वाढीव खर्च कुणावर, आणि दावा न भरलेल्यांसाठी काय लिहिलंय, हे तीन परिच्छेद वाचावेत. शेजाऱ्याने दावा भरला नसेल तर त्यालाही सांगा: कंपनीच्या नोंदींत ज्यांची नावं आहेत अशा घर घेणाऱ्यांची दखल योजना देणाऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकात घेतली पाहिजे, असं एनसीएलएटीने पुनीत कौर प्रकरणात २०२२ मध्ये म्हटलं आहे.

लिक्विडेशन आलं तर नवी जाहीर घोषणा निघते आणि दाव्यासाठी तीस दिवस मिळतात. आधी दिलेला दावा तपासला जातो, तरी पुन्हा भरणं सुरक्षित. पैसे वाटण्याचा क्रम कलम ५३ मध्ये आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी आणि आपलं तारण सामाईक मालमत्तेत सोडलेल्या बँका, एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा बारा महिन्यांचा पगार. सरकारी देणी त्याच्याही खाली. पीएफ आणि ग्रॅच्युइटी निधीतले पैसे या वाटपाच्या मालमत्तेतच धरत नाहीत, म्हणून कामगारांनी ती रक्कम दाव्यात वेगळी दाखवावी. एकत्र आकडा लिहिला की हा फरक हरवतो.

९. नक्कल आणि अपिलाची मुदत

संकेतस्थळावरची प्रत वाचायला पुरते. अपिलाला प्रमाणित प्रत, म्हणजे नक्कल, लागते. पक्षकारांना अंतिम आदेशाची प्रत विनामूल्य मिळते, इतरांना फी भरून. न्यायाधिकरणातली मूळ फाइल पाहायची असेल तर पक्षकार किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने निबंधकांकडे लेखी अर्ज आणि फी द्यावी लागते.

अपिलाला तीस दिवस, सबळ कारण असेल तर आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही नाही. दिवस मोजायचे ते निकाल जाहीर झाला त्या तारखेपासून. संकेतस्थळावर आदेश उशिरा चढला म्हणून मुदत वाढत नाही, हे व्ही. नागराजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं. प्रत तयार व्हायला लागलेले दिवस वगळले जातात, पण अर्ज मुदतीत दिला असेल तरच. त्यामुळे अपील करायचं की नाही हे ठरायच्या आधीच, निकालाच्या दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज द्या आणि अर्जाची तारीख असलेली पोच जपून ठेवा.